हॉकी लीगचा संघ निवडताना: नाव नव्हे, काम बघा

 

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढच्या वेळी हॉकीवर बोलू. २८ डिसेंबरला राउरकेलात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू होते आहे. २०१३ ते २०१७ अशी पाच वर्षं ही लीग चालली, मग बंद पडली. सात वर्षांच्या खंडानंतर ती परत येते आहे, आणि या वेळी पुरुषांचे आठ संघ आहेत. त्यामुळे आमच्या घरच्या फँटसी लीगलाही पुन्हा जीव आला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फँटसी लीग म्हणजे खऱ्या खेळाडूंचा आपण कागदावर केलेला संघ. कोणाला कुठल्याही संघातून उचला. प्रत्यक्ष सामन्यात तो जे करेल त्याचे गुण तुम्हाला. हंगाम संपल्यावर ज्याचे गुण जास्त, तो जिंकला. आमच्या लीगमध्ये आठ जण आहोत: मी, सूनबाई, दहावीतला नातू, महूचे दोन शेजारी, बेळगावला स्थायिक झालेला माझा एक कोर्समेट, त्याचा मुलगा आणि एक सुभेदार साहेब.

या सुभेदार साहेबांपासूनच सुरुवात करतो, कारण आजचा विषय मी त्यांच्यामुळे घेतला. ते माझ्या पलटणीतले. फौजेत ऑफिसरसुद्धा जेसीओला साहेबच म्हणतात, आणि मी अजूनही म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाले, "सर, घराच्या स्लॅबचे पैसे गेले." कुठे गेले विचारलं, तर मोबाइलवरच्या फँटसी खेळात. रोज ४९ रुपयांपासून सुरुवात, मग एका सामन्याला दहा-दहा संघ. साडेतीन लाख रुपये गेले होते, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

मी त्यांना रागावलो नाही. रागावून काय होणार होतं? आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि तो खेळ चालतो कसा ते मांडलं. हजारो लोक थोडे थोडे पैसे भरतात. चालवणारा आपला वाटा आधी काढून घेतो. उरलेल्यातला मोठा भाग वरच्या मोजक्या लोकांना जातो. म्हणजे तुम्ही हॉकी कितीही ओळखा, बहुतेकांनी हरायचं हे त्या रचनेतच ठरलेलं आहे. आज कायदा याला कौशल्याचा खेळ म्हणतो. कौशल्य लागतं हे खरंच. पण कौशल्य असलेला माणूससुद्धा कर्ज काढून खेळायला लागला की त्याचं कौशल्य संपतं.

म्हणून आमच्या लीगचा पहिला नियम: पैसे नाहीत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला जेवायला घालायचं, बस्स. आज मी जे सांगणार आहे ते याच प्रकारच्या खेळासाठी आहे. पैसे लावायचे असतील तर हा व्हिडिओ इथेच बंद करा.

आमचे नियम

प्रत्येकाने ११ खेळाडू घ्यायचे: १ गोलकीपर, ४ बचावपटू, ३ मधल्या फळीतले, ३ आघाडीचे. खेळाडूची किंमत म्हणजे ऑक्टोबरमध्ये दिल्लीत झालेल्या लिलावातली त्याची बोली. एकूण खर्च ४ कोटींच्या आत. खऱ्या संघांनाही लिलावात ४ कोटींचीच मर्यादा होती, फक्त त्यांना त्यात २४ जण घ्यायचे होते. त्यात किमान १६ भारतीय, त्यांतले ४ ज्युनिअर, आणि ८ परदेशी.

गुण असे: गोलला १०, गोलसाठी शेवटचा पास देणाऱ्याला ५. गोलकीपरने एकही गोल खाल्ला नाही तर १०, आणि खाल्लेल्या प्रत्येक गोलला वजा १. हिरव्या कार्डाला वजा २, पिवळ्याला वजा ५, लाल कार्डाला वजा १०. कर्णधाराचे गुण दुप्पट. लीग सुरू झाल्यावर संघ बदलता येत नाही.

सगळ्यात आधी: गोल कोण मारतो?

फौजेत कुठलंही काम हाती घेण्याआधी आम्ही ‘ॲप्रिसिएशन’ करायचो. उद्देश काय, जमीन कशी, समोर कोण, आपल्याकडे काय, आणि मग योजना. योजनेपासून सुरुवात करणारा माणूस हमखास मार खातो. फँटसीत लोक नेमकं तेच करतात. आवडत्या नावांपासून सुरुवात करतात.

आपला उद्देश गुण मिळवणं. गुण येतात गोलांतून. हॉकीत गोल कुठून येतात? क्रिकेट बघणाऱ्यांना वाटतं आघाडीच्या खेळाडूंकडून. आता पॅरिस ऑलिंपिक आठवा. भारताने ८ सामन्यांत १५ गोल केले. त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंगचे. आणि हरमनप्रीत कुठे खेळतो? बचावात.

याचं कारण पेनल्टी कॉर्नर. मागच्या रेषेवरून चेंडू ढकलला जातो, डीच्या बाहेर एक जण तो थांबवतो, आणि ड्रॅग फ्लिक मारणारा तो काठीवर ओढत फेकतो. समोर गोलकीपर धरून पाचच जण बचावाला. सरळ फटका मारला तर तो फळीच्या उंचीवर, म्हणजे ४६० मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. फ्लिकला ते बंधन नाही, म्हणून फ्लिक वरच्या कोपऱ्यातही मारता येतो. हे काम करणारे बहुतेक जण बचावपटू असतात. पेनल्टी स्ट्रोकही बहुधा तेच घेतात.

म्हणजे फँटसीच्या यादीत ज्याच्यापुढे ‘बचावपटू’ लिहिलं आहे, तोच गोल करणार. बचावाच्या चार जागा म्हणजे चार तोफा, आणि त्या भरताना प्रत्येक संघाबद्दल एकच प्रश्न विचारायचा: पेनल्टी कॉर्नर मिळाला की पहिला फ्लिक कोण मारणार?

जुन्या मंडळींना २०१३ ची पहिली लीग आठवत असेल. मुंबई मॅजिशियन्स पाच संघांत शेवटचे आले. पण त्या हंगामात सगळ्यात जास्त, ११ गोल कोणाचे? त्याच मुंबईच्या संदीप सिंगचे. तोही ड्रॅग फ्लिकर. संघ तळाला आणि खेळाडू वर, असं होऊ शकतं. म्हणून ‘कुठला संघ जिंकेल’ आणि ‘कोणाला घेऊ’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक फरक लक्षात ठेवा. २०१६ आणि २०१७ मध्ये या लीगमध्ये मैदानी गोलला दोन गोल धरत, म्हणून तेव्हा आघाडीवाल्यांना भाव होता. या वेळी तो नियम नाही. गोल म्हणजे एकच गोल, कसाही येवो.

आठ संघ, एकेक करून

सूरमा हॉकी क्लब. लिलावातली सगळ्यात मोठी बोली इथेच लागली: हरमनप्रीत सिंग, ७८ लाख. इथे पहिला फ्लिक कोणाचा याबद्दल शंका नाही. मधल्या फळीत आमच्या इटारसीकडचा विवेक सागर प्रसाद आहे. तो गुण कमी देतो, पण दंगा करत नाही, कार्डं कमी. गोलमध्ये बेल्जियमचा विन्सेंट वनाश, टोकियोचा सुवर्णपदकवाला. कागदावर मला हा संघ सगळ्यात घट्ट दिसतो.

श्राची राढ बंगाल टायगर्स. अभिषेक ७२ लाख, जुगराज सिंग ४८ लाख, सुखजीत ४२ लाख. गोलमध्ये नेदरलँड्सचा पिर्मिन ब्लाक, पॅरिसच्या सुवर्णपदक विजेत्या संघातला. प्रशिक्षक कॉलिन बॅच, ज्यांनी ऑस्ट्रेलियाचा संघ सांभाळला. अडचण एकच: फ्लिक मारणारे दोन. जुगराज आहे, आणि रुपिंदर पाल सिंगही आहे. कॉर्नर वाटले जातील अशी मला भीती वाटते. मात्र जुगराज फॉर्मात आहे. सप्टेंबरमध्ये आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल त्याचाच होता.

हैदराबाद तूफान्स. इथे गोन्झालो पेयात, ६८ लाख. २०१६ मध्ये अर्जेंटिनाकडून ऑलिंपिक सुवर्ण, आता जर्मनीकडून पॅरिसचं रौप्य. रिओत ११ गोल मारून तो सगळ्यांत वर होता. दोन देशांकडून खेळून दोन्हीकडे पदक घेणारा माणूस दबावाखाली हलत नाही. सोबत सुमित, नीलकांत शर्मा आणि इंग्लंडचा झॅक वॉलेस. गोलमध्ये जर्मनीचा डॅनेबर्ग.

तमिळनाडू ड्रॅगन्स. नेदरलँड्सचा यिप यान्सेन ५४ लाख, अमित रोहिदास ४८ लाख. दोघेही बचावात, दोघेही फ्लिक मारतात. पहिला हक्क यान्सेनचा असेल असा माझा अंदाज. रोहिदासबद्दल एक गोष्ट विसरू नका. पॅरिसच्या उपउपांत्य सामन्यात ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं आणि उपांत्य सामन्याला तो मुकला. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर मी वाद घालणार नाही. पण कार्डाची किंमत किती असते हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिलं. गोलमध्ये आयर्लंडचा डेव्हिड हार्ट.

यूपी रुद्राज. हार्दिक सिंग, ७० लाख. खेळ पाहणाऱ्याला हार्दिकइतका आनंद फार थोडे देतात. पण आपल्या गुणपत्रिकेत तो पासच्या ५ गुणांवर जगतो. सोबत ललित उपाध्याय. फ्लिकसाठी न्यूझीलंडचा केन रसेल, आणि स्वस्तात मिळणारा फ्लिकर म्हणून त्याच्याकडे बघा.

दिल्ली एसजी पायपर्स. शमशेर, जरमनप्रीत, राजकुमार पाल, तिघेही धावणारे, मेहनती. प्रशिक्षक ग्रॅहम रीड, ज्यांच्या हाताखाली भारताने टोकियोत ४१ वर्षांनी पदक मिळवलं. फ्लिकसाठी अर्जेंटिनाचा तोमास दोमेने आणि वेल्सचा गॅरेथ फर्लाँग. पुन्हा तोच प्रश्न, पहिला कोण? पहिला सामना बघूनच कळेल, पण आपला संघ त्याआधी ठरवायचा आहे.

टीम गोनासिका. मनप्रीत सिंग, मनदीप सिंग आणि ४२ लाखांचा अराईजीत सिंग हुंदल. या मुलाने याच महिन्यात ज्युनिअर आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध ४ गोल केले, भारत ५-३ ने जिंकला. तो आघाडीला खेळतो आणि फ्लिकही मारतो. यादीत ‘आघाडी’ लिहिलेला फ्लिकर म्हणजे आपल्याला पाचवी तोफ. वय लहान आहे, मोठ्यांच्या हॉकीत हात बसायला वेळ लागेल, हे धरून चाला.

वेदांता कलिंग लान्सर्स. बेल्जियमचे दोघे: बचावाचा भिंतीसारखा आर्थर वॅन डोरेन आणि फ्लिकर अलेक्झांडर हेंड्रिक्स, टोकियोत १४ गोलांसह सगळ्यांत वर असलेला. नेदरलँड्सचा कर्णधार थिएरी ब्रिंकमन आघाडीला. गोलमध्ये कृष्ण पाठक. श्रीजेश निवृत्त झाल्यावर भारताचा गोल आता त्याच्याकडे आहे, त्यामुळे त्याला हा हंगाम स्वतःसाठीही महत्त्वाचा. वॅन डोरेन जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक, पण फँटसीत त्याला घेऊ नका. तो गोल वाचवतो, आणि त्याचे गुण आपल्या तक्त्यात नाहीत.

हिशेब

आता पैसे. मला हरमनप्रीत, हार्दिक आणि पेयात तिघेही हवेत. ७८, ७० आणि ६८ मिळून २ कोटी १६ लाख. उरले १ कोटी ८४ लाख, आणि जागा आठ. म्हणजे एका जागेला २३ लाख. जमतं, पण खाली बऱ्याच जागा भरतीच्या होतात.

सूनबाईंनी वेगळं केलं. जुगराज ४८, यान्सेन ५४, सुखजीत ४२, मनप्रीत ४२. चौघांचे १ कोटी ८६ लाख. उरले २ कोटी १४ लाख, जागा सात, म्हणजे एका जागेला ३० लाखांहून जास्त. तिच्या संघात चमकणारं नाव एकही नाही. मी तिला म्हटलं, "अगं, हरमनप्रीतशिवाय संघ कसला?" ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच सांगता ना, नाव बघू नका म्हणून."

मी गप्प बसलो. पण हरमनप्रीत माझा कर्णधार राहील. जगातला सर्वोत्तम खेळाडू हा पुरस्कार त्याला गेल्याच महिन्यात तिसऱ्यांदा मिळाला आहे, आणि हरल्यावर जेवण घालायची माझी तयारी आहे.

शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघ बाकीच्या सातांशी एकदा खेळेल. मग चार-चारचे दोन गट, आणखी तीन सामने. म्हणजे प्रत्येकाचे किमान १० सामने, एकूण ४४, सगळे १ फेब्रुवारीपर्यंत, राउरकेला आणि रांचीत. पाच आठवड्यांत १० सामने खेळताना प्रशिक्षक वयस्कर खेळाडूंना मधेमधे बसवणारच. म्हणून खालच्या स्वस्त जागांवर असे तरुण घ्या जे रोज मैदानात उतरतील. बाकावर बसलेल्या मोठ्या खेळाडूचे गुण शून्य असतात. महिलांची लीगही यंदा पहिल्यांदाच होते आहे, चार संघांची. तिच्याबद्दल पुढच्या भागात.

तोवर संघ लिहून ठेवा, आणि संघासमोर प्रत्येकाचं काम लिहा. जय हिंद.

पुस्तकासाठी जोड

वरचं बोलणं डिसेंबर २०२४ चं आहे. पुस्तक करताना त्यातला एक शब्दही मी बदललेला नाही, माझे चुकलेले अंदाजसुद्धा तसेच ठेवले आहेत.

१ फेब्रुवारी २०२५ ला राउरकेलात अंतिम सामना झाला. बंगाल टायगर्सनी हैदराबाद तूफान्सना ४-३ ने हरवलं. त्या चारांपैकी तीन गोल जुगराज सिंगचे. पूर्ण हंगामात त्याचे १२ गोल झाले, सगळ्यांत जास्त. कॉर्नर वाटले जातील ही माझी भीती खोटी ठरली. मला सगळ्यात घट्ट वाटलेला सूरमा तिसरा आला.

आमच्या घरच्या लीगमध्ये सूनबाई पहिली, सुभेदार साहेब तिसरे, मी चौथा. माझी चूक कुठे झाली ते मी शोधलं. पहिला फ्लिक कोणाचा हा प्रश्न मीच तुम्हाला शिकवला. जुगराजबद्दल उत्तर समोर होतं, सप्टेंबरचा गोल मी स्वतःच सांगितला होता. तरी मी ७८ लाखांच्या नावाकडे गेलो. हरमनप्रीत वाईट खेळाडू आहे असं नाही, तो महान आहे. पण त्याच्या ३० लाख कमी किमतीत मला त्याहून जास्त गोल मिळत होते. चांगला माणूस आणि त्या कामासाठी योग्य माणूस यांतला फरक मी फौजेत तीस वर्षं शिकलो, आणि घरच्या खेळात विसरलो.

आणखी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, त्यात पैशांची फँटसीही आली. म्हणजे ‘आज कायदा याला कौशल्याचा खेळ म्हणतो’ हे माझं वाक्य आता जुनं झालं. मी ती बातमी सुभेदार साहेबांना फोनवर वाचून दाखवली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, स्लॅब या दिवाळीपर्यंत पडेल. तुम्ही या." आणि लगेच पुढचा प्रश्न, "पुढच्या हंगामात फ्लिक कोण मारणार, काही कळलं का?"

स्लॅबला मी जाणार आहे. आणि पुढच्या वेळी संघ लिहिताना वही आधी सूनबाईंना दाखवणार आहे.